जळमट

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहसंकुलातील पोडियमवरची बाग मी सल्लागार म्हणून पाहते. तिथल्या डे लिलींचे प्रकरण मार्चमध्ये सुरू झाले आणि त्यातली पहिली चूक माझीच होती.

सचिवांनी मोबाइलवर तीन छायाचित्रे पाठवली. पाने निस्तेज, किंचित रुपेरी. या झाडांवर फुलकिडे नेहमीचेच, म्हणून प्रत्यक्ष न जाताच मी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची फवारणी सांगितली. त्याच दिवशी माळीकाका फोनवर म्हणाले होते, "ताई, बुंध्यात जळमट धरतंय." जळमटे काय, कठड्यापासून दिव्यांपर्यंत सगळीकडेच असतात, असे म्हणून मी ते कानाआड केले.

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा पश्चिमेकडच्या काचेच्या कठड्यालगतची अख्खी रांग भाजल्यासारखी दिसत होती. पान उजेडाकडे धरले, तर टाचणीने टोचून काढल्यासारखे फिकट ठिपके दाटलेले; फुलकिड्यांच्या विष्ठेचे काळे चकचकीत ठिपके मात्र शोधूनही सापडेनात. पांढरा कागद खाली धरून पानावर टिचकी मारली. धुळीचे कण पडले आणि त्यांतले काही चालू लागले. त्यांवरून बोट फिरवताच कागदावर मातकट-हिरवट रेघ उमटली. दहापट भिंगाखाली पिवळसर अंगावर दोन गडद डाग, आठ पाय, आणि पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत, साबुदाण्यासारखी गोल पारदर्शक अंडी दिसली. काकांचे जळमट तिथेच, दोन पानांच्या बेचक्यात, ताणलेले होते.

हे फुलकिडे नव्हतेच, हा कोळी होता: घरात जाळी विणणारा नव्हे, तर पानांचा रस शोषणारा, धुळीच्या कणाएवढा (स्पायडर माइट). आणि कोळी हा कीटकच नव्हे. इमिडाक्लोप्रिडने तो फारसा मरत नाही. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक, आणि काही पिकांत तर त्या औषधानंतर कोळ्यांची अंडी वाढल्याचेही आढळले आहे. तिशीच्या आसपासच्या तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा त्याचा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणजे दोन आठवडे मी त्याला मोकळे रान दिले होते. त्यात रस्त्यावरच्या मेट्रोच्या कामाची धूळ, आणि ज्याचा सोसायटीला फार अभिमान आहे ते ठिबक. ठिबक बसल्यापासून त्या पानांना पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. पाणी वाचवायलाच हवे, पण पान कधीच धुवायचे नाही हा शहाणपणा कुठल्या कंत्राटदाराने शिकवला, कोण जाणे.

सगळ्यांत खराब पाने बुंध्यापासून कापून पिशवीत बंद केली. ती खतखड्ड्यात टाकू दिली नाहीत. मग सलग तीन सकाळी काकांनी पाइपचा झोत खालून वर असा मारला, कारण वरून मारलेले पाणी कोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. गंधक स्वस्त आणि चांगले, पण पारा पस्तिशीला टेकलेला असताना त्याने पानेच करपली असती. शिवाय पोडियमवर मुले खेळतात, त्यामुळे जहाल कोळीनाशकही नको होते. कीटकनाशक साबणाचे द्रावण संध्याकाळी, पानांच्या मागून, दर पाच दिवसांनी चार वेळा मारले. साबण अंड्यांवर चालत नाही, म्हणून ही पुनरावृत्ती. "एकदाच काहीतरी स्ट्राँग मारा ना" असे सचिवांनी दोनदा सुचवले.

एप्रिलअखेरीस मधून आलेली नवी पाने स्वच्छ होती. कठड्यालगतची सहा रोपे गेली. काका आता दर सोमवारी माझ्या आधीच कागद धरून टिचक्या मारतात आणि मला नुसते "नाही" किंवा "आहेत" एवढेच कळवतात.

मार्चच्या बिलात त्या पहिल्या फवारणीचे पैसे लावलेले होते आणि सोसायटीने ते चुकतेही केले. ती फवारणी चुकीची होती, हे सचिवांना मी अजून सांगितलेले नाही. काकांना माहीत आहे.