आईच्या बाजूने वाचताना

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, कादंबरी हातात घेतली की एक गंमत होते. सोळा वर्षांची नायिका रागाने दार आपटून घराबाहेर पडते. खरं तर आपण तिच्या मागोमाग जायचं असतं, पण आपण घरातच तिच्या आईपाशी घुटमळतो. ‘अगं, निदान खाऊन तरी जा’ हे वाक्य पुस्तकात कुठेच नसतं, तरी ते आपल्याला ऐकू येतं.

अशा वाचकाने या कादंबऱ्यांचं बरंवाईट ठरवायचं म्हणजे पंचाईतच. तरी ठरवतो आपणच. लिहिणारे मोठे, छापणारे मोठे, बक्षिसं वाटणारेही मोठे. ‘द आउटसायडर्स’ 1967 साली प्रसिद्ध झाली तेव्हा एस. ई. हिंटन अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या, पण असं क्वचितच घडतं. बाकी सगळा कारभार आठवणींवर चालतो, आणि आपल्या सोळाव्या वर्षाच्या आठवणी आपण एव्हाना बऱ्याच दुरुस्त केलेल्या असतात.

अमेरिकेत मायकल प्रिन्ट्झ या शालेय ग्रंथपालांच्या नावाने 2000 सालापासून या कादंबऱ्यांना पुरस्कार दिला जातो. त्याच्या नियमांत एक फार शहाणी गोष्ट लिहिली आहे: लोकप्रियता हा निकष नाही आणि संदेश हाही नाही. वादग्रस्त विषय टाळायचा, असंही नाही. हे वाचून मला हायसं वाटलं. कारण मुलांचं पुस्तक म्हटलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘यातून ती काय घेतील?’ मोठ्यांच्या कादंबरीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. खुनाच्या कथा वाचून आपण काय घेतो?

अलीकडच्या कादंबऱ्यांत मला खटकतो तो संदेश नव्हे, तर पात्रांचा समजूतदारपणा. पंधरा वर्षांचा मुलगा मित्राशी भांडतो आणि दोन पानांनंतर स्वतःच्या रागाचं मूळ बालपणात नेमकं कुठे आहे, ते रीतसर उलगडून सांगतो. ही भाषा समुपदेशकाची. त्या वयात राग नुसता येतो. तो कशाचा होता, हे बऱ्याच जणांना पुढे कितीतरी वर्षांनी कळतं, काहींना कधीच नाही. ज्या लेखकाला हे माहीत आहे, तो मुलाला चुकीचं कारण सांगू देतो आणि खरं कारण वाचकाच्या हाती हळूच ठेवतो. एवढं जमलं असेल तर बाकीच्या दहा खोड्या मी माफ करते.

खोड्या असतातच. आई-वडील पहिल्या प्रकरणाआधीच वारलेले किंवा परगावी गेलेले. नाहीतर मुलांना साहस करायला मोकळीक कशी मिळणार? मोबाइलची बॅटरी ऐन मोक्याला संपते. सगळं निवेदन ‘मी धावते, मी थांबते, मी श्वास घेते’ अशा वर्तमानकाळात. त्याने वेग येतो हे खरं, पण सगळ्याच नायिका एकाच दमात धावू लागल्या की कोण कुठली, ते कळेनासं होतं.

मुक्तछंदात लिहिलेल्या कादंबऱ्या हल्ली बऱ्याच दिसतात. पानावर दहा-बारा ओळी, भोवती भरपूर पांढरी जागा. इथे मी एक साधी युक्ती करते: ओळी सलग जोडून वाचते. काहीच हरवलं नाही, तर ते गद्यच होतं, उगाच एंटर दाबलेलं. काही हरवलं, तर मात्र पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते.

ब्रिटनमध्ये मुलांच्या आणि किशोरांच्या पुस्तकांना दिल्या जाणाऱ्या कार्नेगी पदकाची सोय मला आवडते. ग्रंथपाल परीक्षक निवड करत असतात, तेव्हा शाळाशाळांतले वाचनगट तीच अंतिम यादी वाचतात आणि आपला वेगळा कौल देतात. दोन्ही निकाल जुळलेच पाहिजेत, असं बंधन नाही.

घरगुती परीक्षक मात्र फार कंजूष. मी डोक्यावर घेतलेली कादंबरी मोठ्या उत्साहाने पुढे केली की ‘बरी आहे’ एवढाच अभिप्राय मिळतो आणि खूण तिसाव्या पानाच्या पुढे सरकत नाही. मी नाक मुरडलेली, बॅटरी संपणारी, धावणारी कादंबरी मात्र रातोरात संपते, आणि सकाळी विचारणा होते, ‘दुसरा भाग आलाय का गं?’