मुळशीच्या तलावावर एक दिवस: बेत आखताना

यंदा दिवाळीच्या सुमारास मुंबईहून आत्या येणार आहे आणि तिने येण्याआधीच फोनवर सांगून टाकले आहे की या खेपेला तिला सारसबाग, पर्वती काही नको, तिला मुळशीचा तलाव पाहायचा आहे. तिचे वय शहात्तर, माझ्या आईचे त्र्याहत्तर, भावाची दोन मुले आठ आणि अकरा वर्षांची. अशा मंडळींना घेऊन सकाळी निघून संध्याकाळी कोथरूडला परत यायचे, तर नुसते ‘चला, जाऊन येऊ’ म्हणून भागत नाही. गेले दोन आठवडे मी हा बेत कागदावर मांडते आहे आणि खोडते आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. मुळशी म्हटले की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे जुलैमधला ताम्हिणी घाट येतो: धुके, कड्यांवरून कोसळणारे धबधबे, कणसे भाजणारे गाडीवाले आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या. तो पाऊस मी तरुणपणी पुष्कळ पाहिला आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, परंतु त्या दिवसांत तलाव दिसतोच असे नाही. ढग इतके खाली उतरतात की पाण्याच्या काठावर उभे राहूनही पाणी दिसत नाही. शिवाय निसरड्या दगडांवर आत्याला चालवत नेणे मला जमणारे नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात होणाऱ्या दुर्घटनांमुळे प्रशासन अनेकदा बंदीचे आदेशही काढते. उन्हाळाही उपयोगाचा नाही. हा तलाव वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचा आहे, त्यामुळे पावसाळा संपल्यापासून त्यातले पाणी सतत वापरले जाते, आणि मे महिन्यापर्यंत काठ उघडा पडून पाण्याभोवती तांबड्या मातीचा रुंद पट्टा दिसू लागतो. म्हणजे भरलेला तलाव, मोकळे आकाश आणि हिरवे डोंगर ही तिन्ही एकाच वेळी हवी असतील, तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर एवढाच काळ उरतो.

या पाण्याची वाट मोठी चमत्कारिक आहे आणि मुलांना ती सांगायची असे मी ठरवले आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात अडवलेले हे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, पुण्यावरून भीमेला आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. धरणाने त्याला पाठ फिरवायला लावली. बोगद्यातून आणि नळांतून ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिरा येथील वीजगृहावर सोडले जाते, आणि वीज तयार करून झाल्यावर कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. कोलाडला जी मंडळी रबरी होड्यांतून उसळत्या पाण्याची मजा घेतात, ती या भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावरच.

आत्याला तलाव पाहायचा आहे त्याचे कारण मात्र वेगळे आहे. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, मुळशी खोऱ्यातली. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा ती नवी नवरी होती आणि सासरी पुण्याला आली होती. नंतर तिला माहेर राहिलेच नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटा कंपनीने हे धरण घेतले, आणि त्यात पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांनी या लढ्याचे नेतृत्व केले आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्यामुळे चिकटले. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात असेल, कोण जाणे. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी. सुरुवातीला काम काही काळ थांबले, परंतु सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर बऱ्याच जमिनी चढल्या होत्या, त्यांनी भरपाई घेण्याचा मार्ग धरला, आणि जमीन कसणारे मावळे एकटे पडत गेले. १९२४ पर्यंत लढा संपला आणि धरण उभे राहिले. पणजी यातले काही सांगत नसे, असे आत्या म्हणते. ती फक्त भात वाढताना ‘आमच्याकडचा आंबेमोहोर’ एवढेच म्हणायची.

तेव्हा ही सहल नुसती डबे खाऊन परतण्याची नाही, पण डबे लागतीलच. मार्ग सरळ आहे: चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. अडचण अंतराची नसून भूगाव ते पिरंगुट या टप्प्याची आहे, जिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर गाडी चालत नाही, सरकते. एकदा रविवारी दुपारी परतताना या एवढ्याशा टप्प्यात आमचा दीड तास गेला होता आणि मागच्या आसनावर बसलेल्या काकांनी तेवढ्या वेळात मावळातल्या जमिनींचे भाव, बिल्डर आणि एकूण मानवजात यांच्यावर प्रवचन दिले होते. म्हणून दिवस आठवड्याच्या मधला निवडला आहे आणि निघण्याची वेळ सकाळी सहाची. पौडला चहा आणि स्वच्छतागृह. वयस्क माणसे बरोबर असली की कुठे थांबायचे हे देखाव्यावरून ठरत नाही, हे मी आईबरोबरच्या प्रवासांत शिकले आहे.

काठावर नेमके कुठे बसायचे, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. नकाशावर पाहिले तर तलाव लांबच लांब, बोटांसारखा दऱ्यांत शिरलेला आहे आणि वाटते की कुठेही उतरून पाण्याशी जाता येईल. प्रत्यक्षात धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि काठाची पुष्कळ जमीन आता विश्रामगृहांनी आणि खासगी कुंपणांनी अडवलेली आहे. मागच्या महिन्यात मी भावाबरोबर दुचाकीवर जाऊन दोन जागा पाहून आले. त्यांपैकी ताम्हिणीच्या वाटेवरचे, रस्त्यालगतचे झाडाखालचे सपाट मैदान मला पसंत पडले, कारण तिथून पाण्याचा मोठा पसारा दिसतो, गाडी जवळ उभी करता येते आणि पाण्यापर्यंतचा उतार असा आहे की मुले एका धावेत खाली पोचणार नाहीत. पाण्यात कोणीही उतरणार नाही, हे मुलांना आताच सांगून ठेवले आहे. धरणाच्या पाण्याचा तळ सपाट नसतो. कडेला घोट्याएवढे पाणी असते आणि दोन पावलांवर जुन्या शेताचा बांध सुटून खोली लागते.

घरून थालीपीठ, दही, लसणाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे नेणार आहोत. दुपारी जेवायला वाटेतल्या एखाद्या घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी आणि पिठले मिळते का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवेन. कैलासगडावर जाण्याचा भावाचा हट्ट मी साफ मोडून काढला. गड चढायचा तर तो दिवस निराळा ठेवावा.

बेत इथवर जमला होता आणि तारीखही ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारची ठरली होती. परवा आत्याचा पुन्हा फोन आला. तिला काठावरच्या एखाद्या गावातून, शेतकऱ्याच्या हातून, पाच किलो आंबेमोहोर घ्यायचा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भात नुकते निसवलेले असते, कापणी व्हायची असते, झोडणी तर दूरच. मी तिला म्हटले की तेव्हा खाचरे पाहायला सर्वांत सुंदर दिसतात, सगळीकडे वास असतो. ती म्हणाली, “वास घेऊन काय करू, मला तो शिजवायचा आहे.” त्यामुळे आता मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार धरला आहे. पाणी तोवर थोडे उतरलेले असेल आणि सकाळी गारठा असेल, म्हणून यादीत दोन शाली आणि एक थर्मास वाढवला आहे.