तुम्ही विचारलंत म्हणून: लाइव्ह पॅचिंगवर चार पानं कशाला?

टीममध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण एकदा तरी विचारतंच, सर, लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) रीबूट न करता पॅच करायचा, म्हणजे चालू असतानाच त्यातला सदोष कोड बदलायचा, तर एक मॉड्यूल (कर्नलात जोडायचा कोडचा तुकडा) तर लोड करायचं, दोन मिनिटांचं काम, त्यावर तुम्ही चार पानं का लिहून ठेवलीत?

कारण मॉड्यूल लोड झालं म्हणजे पॅच लागला असं नसतं. सिसएफएसमध्ये (कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक पॅचचं फोल्डर येतं, त्यात 'एनेबल्ड' फाइल, तिच्यात १ दिसला की लोक तिकीट (कामाची नोंद) बंद करून मोकळे. शेजारी 'ट्रान्झिशन' फाइल असते ती कुणी उघडतच नाही. तिच्यातही १ असेल तर काही प्रोसेस (चालू प्रोग्राम) अजून जुनाच कोड चालवतायत, म्हणजे ज्या भोकासाठी एवढा आटापिटा केला ते अजून उघडंच आहे. लाइव्हपॅच, म्हणजे कर्नलातली ही सोय, २०१५ मध्ये ४.० कर्नलात आली, पण एकेक टास्क (प्रोसेस किंवा तिचा थ्रेड) तपासून नव्या कोडवर न्यायची पद्धत ४.१२ पासूनची. झोपलेल्या टास्कच्या स्टॅकवर (अर्धवट राहिलेल्या फंक्शनच्या यादीत) बदललेलं फंक्शन असेल तर तो हलत नाही, थांबावंच लागतं.

एका रात्री आमचं असंच अडकलं. पॅच एनएफएसच्या (नेटवर्कवरच्या फाइली वापरायच्या सोयीच्या) कोडला होता, पलीकडचा स्टोरेज सर्व्हर गप्प, आणि एक बॅकअपचा प्रोसेस डी स्टेटमध्ये (सिग्नलनेही न मोडणाऱ्या झोपेत) तसाच लटकलेला. कर्नल दर १५ सेकंदांनी राहिलेल्यांना ढोसतो खरा, पण डी स्टेटवाला कसला उठतोय. प्रॉकमध्ये (प्रोसेसची माहिती असलेल्या फोल्डरात) प्रत्येकाची 'पॅच_स्टेट' बघत गेलो तर त्या एकाचीच ०, म्हणजे तो जुन्या कोडवरच. ड्युटीवरचा मुलगा पॅचच्या फोल्डरातल्या 'फोर्स' फाइलमध्ये १ लिहायला निघाला होता, कारण आमच्या नोट्समध्ये त्या फाइलचं फक्त नाव होतं, धोका नव्हता. फोर्स केलं की स्टॅक न बघताच सगळे नवीन मानले जातात, जुना आणि नवा कोड एकत्र चालू शकतो, वर ते मॉड्यूल रीबूटपर्यंत काढताही येत नाही. आम्ही एनेबल्डमध्ये ० लिहिला, ट्रान्झिशन उलटं फिरलं, आणि अडकलेला प्रोसेस जुन्या बाजूलाच असल्यामुळे ते निमूट पूर्ण झालं. सकाळी स्टोरेज परत आल्यावर पॅच पुन्हा लावला.

त्या मुलाची चूक नव्हती हो, लिहिलंच नव्हतं ना आम्ही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. आता पानाची पहिलीच ओळ अशी आहे: ट्रान्झिशन ० झाल्याशिवाय तिकीट बंद करू नका, आणि फोर्सला हात लावण्याआधी मला उठवा, कितीही वाजलेले असोत.