शॉटर: बॅकलॅश सापडला, वरच्या ओळी हलल्या!

कोडने आखलेलं 'शॉटर' हे चित्र मी पेन प्लॉटरवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनी पेन फिरवणाऱ्या मशीनवर, काढतोय. मागच्या प्लॉटमध्ये चौकोनांच्या वरच्या दोन-तीन ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ आल्या होत्या आणि खाली एकदम पडझड. संगणकाने चित्रं काढणारे गेऑर्ग नेस यांच्या १९६८च्या मूळ चित्रात तसं नाही. बारा-बारा चौकोनांच्या बावीस ओळी. खाली येता येता कल आणि सरकणं ओळीगणिक वाढत जातं. त्या सुरुवातीच्या केसभर कलण्यातच चित्राचा जीव आहे, आणि नेमका तोच गायब!

प्लॉटरला दिलेली चित्राची फाइल (एसव्हीजी) झूम करून पाहिली, तिथे कल शाबूत. म्हणजे मशीन खात होतं. १० मिमीची बाजू २ अंशांनी कलली की टोक जेमतेम ०.३५ मिमी सरकतं. माझ्या एक्स-अक्षाला, म्हणजे आडव्या हालचालीला, दिशा बदलताना ०.४ मिमी ढील, हाच बॅकलॅश. मोटर फिरते, पेन जागच्या जागी.

पेन सरकवणारा बेल्ट ताणला तर मोटर तापायला लागली. ऑनलाइन मिळणारा स्वस्त रबरी बेल्ट कृपा करून घेऊ नका; पुण्यात तपकीर गल्लीत जा, हाताने ताणून बघा आणि आत फायबरग्लासचे धागे असलेलाच आणा. उरलेली ढील जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला हालचाली सांगणाऱ्या सूचनांमध्ये, भरली: एक्स उलटला की तेवढं अंतर जादा. काल रात्री दुसऱ्या ओळीतला चौथा चौकोन किंचित कललेला उतरला. भिंगाखाली कितीदा तरी पाहिला!

कोडला कला म्हणायचं का, यावर माझं मत आता पक्कं आहे. रँडम गुणिले ओळीचा क्रमांक, एवढ्यावर सगळं उभं आहे. क्रमांकाचा वर्ग घालून पाहिला: वरचा अर्धा भाग मेला, खालचा कोसळला. साधा गुणाकार ठेवून सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदला, चौकोन वेगळे पडतात, चित्र तेच राहतं. नेस यांनी अल्गोल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं, ग्राफोमाट प्लॉटरने काढलं. पण त्यांनी घडवला तो हा गुणाकार. ती कलाच.

पुढे ए-२ आकारात काढणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं, चित्राखाली गुणाकाराची ती कोडची ओळही त्याच पेनने उमटवावी. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, तेव्हा चलांची नावं 'कल' आणि 'ओळ'. अडचण फॉन्टची: हर्शीच्या एकरेषी (अक्षर पेनच्या एकाच रेषेने काढणाऱ्या) फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि साधा फॉन्ट अक्षराची नुसती बाह्यरेषा काढतो. ए-२ थांबलं. आधी 'ळ' पेन न उचलता जमवतोय. कुणी एकरेषी देवनागरी केली असेल तर फाइल पाठवा.