प्रथिनाला कसं कळतं कुठे जायचं?

मी यीस्टवर काम करते म्हटलं की थोड्या गप्पांनंतर हा प्रश्न येतोच. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, पेशीला ऊर्जा पुरवते हे सगळ्यांना आठवत असतं. पण तिला लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं तिच्या बाहेर, पेशीद्रवात तयार होतात हे ऐकलं की लोक थबकतात. यीस्टच्या तंतुकणिकेत सुमारे १००० प्रकारची प्रथिनं असतात, त्यातल्या फक्त ८ प्रथिनांची जनुकं तिच्या स्वतःच्या डीएनएत असतात. मग बाकीच्यांना वाट कोण दाखवतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वर्गात आम्ही 'पत्ता' हा शब्द वापरतो. प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला पत्ता असतो, असं मीही वर्षानुवर्षं शिकवलं. आता तो शब्द मला खटकतो. पत्ता म्हटला की अक्षरं आली, आणि अक्षर चुकलं की पत्र भलतीकडे जातं. इथे दोन प्रथिनांची टोकं शेजारी मांडली तर अमिनो आम्लांचा क्रम बहुधा जुळतच नाही. जुळतो तो स्वभाव. साधारण १५ ते ५० अमिनो आम्लांचा हा तुकडा मळसूत्रासारखा वळतो, त्याच्या एका अंगाला धनभार असतो आणि दुसरं अंग पाण्यापासून दूर पळतं. एवढं असलं तरी बऱ्याचदा भागतं. जीवरसायनशास्त्रज्ञ गॉटफ्रीड शात्झ यांच्या प्रयोगशाळेत १९८७ साली ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएचे वाटेल तसे तुकडे प्रथिनाच्या जनुकाला जोडून पाहिले, तर त्यातल्या काहींनी प्रथिन थेट यीस्टच्या तंतुकणिकेत पोचवलं. ई. कोलायला तंतुकणिका नसतेच! त्याच्या डीएनएत हा पत्ता कोण लिहून ठेवणार?

तंतुकणिकेला दोन पटलं असतात; बाहेरच्या पटलातल्या दारावरची प्रथिनं या टोकाचं एकेक अंग चाचपतात. टॉम२० पाणी टाळणारी बाजू धरतं, टॉम२२ वर ऋणभार असल्याने ते धनभाराची बाजू ओढून घेतं, मग टॉम४० च्या नळीतून टोक आतल्या पटलापर्यंत येतं. तिथे विजेचं काम सुरू होतं, आणि माझा जीव खरा तिथेच अडकला आहे.

किरणोत्सारी मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) वापरून आम्ही परीक्षानळीत प्रथिन बनवतो, यीस्टमधून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांत मिसळतो आणि काही मिनिटांनी सगळं जेलवर चालवतो, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात. फिल्मवर दोन पट्ट्या उमटतात. वरची अख्ख्या प्रथिनाची, खालची किंचित आखूड, कारण आत गेल्यावर ते टोक छाटलं जातं. प्रोटिनेज के हे प्रथिनं पचवणारं विकर घातलं की बाहेर राहिलेलं प्रथिन पचून जातं: वरची पट्टी नाहीशी होते, खालची जशीच्या तशी राहते. आता तोच प्रयोग व्हॅलिनोमायसिन घालून करायचा. त्याने आतल्या पटलावरचं विभवांतर मोडतं, आणि खालची पट्टी येतच नाही. ती रिकामी जागा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फिल्म दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ उभी होते. दीडशे मिलिव्होल्टच्या आसपासचा दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. आतली बाजू ऋण, टोक धन, म्हणून ते आत खेचलं जातं. मागचं धड मात्र विजेने येत नाही. त्याला तंतुकणिकेच्या आतलं एचएसपी७० हे मदतनीस प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून ओढतं, तेही येणारं प्रथिन उलगडलेलं असेल तरच.

सगळी प्रथिनं याच वाटेने जातात असंही नाही. आतल्या पटलातल्या वाहक प्रथिनांना असं टोकच नसतं, त्यांच्या खुणा अंगभर विखुरलेल्या असतात.

यीस्ट सोडून दुसऱ्या एकपेशीय जीवांकडे गेलं की गोष्ट आणखी रंगते. निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा घ्या. त्याच्या पेशीत एकच लांबलचक तंतुकणिका असते, आणि तिच्या दारावर टॉम२० सुद्धा नाही आणि यीस्टच्या दारावरचं आणखी एक प्रथिन, टॉम७०, ते सुद्धा नाही. तिथे एटॉम४६ आणि एटॉम६९ ही वेगळ्याच घराण्यातली प्रथिनं बसलेली आहेत. त्याच्या एका प्रथिनाचं टोक तर अवघ्या ९ अमिनो आम्लांचं आहे.

आणि एन्टामीबा, आमांशाचा अमीबा. त्याला तंतुकणिका नाही असंच बराच काळ मानलं जायचं. १९९९ साली संशोधकांनी त्याच्या सीपीएन६० या, एरवी तंतुकणिकेत आढळणाऱ्या, प्रथिनाची पहिली १५ अमिनो आम्लं काढून टाकली, तर ते पेशीद्रवातच साचून राहिलं. मग त्या जागी निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचा भाऊबंद ट्रिपॅनोसोमा क्रूझी याच्या एचएसपी७० चं टोक जोडलं. नात्याने किती दूरचा जीव! तरी प्रथिन आपल्या जागी पोचलं. ती जागा म्हणजे एक इवलीशी पिशवी, तंतुकणिकेचा झिजून उरलेला अवशेष. तिला आता मायटोसोम म्हणतात. ती ऊर्जा तयार करत नाही, तिच्यात डीएनए नाही, पण ते टोक तिला अजून ओळखता येतं.