अक्षरामागची संख्या

बीजगणित शिकू लागलो तेव्हा माझी चूक आकडेमोडीत नव्हती, ती अक्षराचा अर्थ लावण्यात होती. '३प' हे मी 'तीन पेन' असे वाचत असे. बेरजेपुरते ते निभावून जाई, कारण ३प + २प = ५प हे अशा वाचनातूनही बरोबरच येते; पण प × प समोर आले तेव्हा पेनाला पेनाने गुणायचे म्हणजे काय, हे मला कळेना. प हे पेनाचे नाव नसून एका पेनाची किंमत आहे, म्हणजेच ती एक संख्या आहे, हे उमगायला बराच काळ गेला.

बाराव्या शतकातील भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि ती 'या' अशी थोडक्यात लिहीत. 'जेवढे असेल तेवढे' असा त्या शब्दाचा अर्थ आहे. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या, तर काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येत. मला 'यावत्तावत्' हा शब्द फार आवडतो, कारण त्यात वस्तू नाही, केवळ परिमाण आहे.

चल, म्हणजे वेगवेगळ्या किमती घेऊ शकणारे अक्षर, काय असते हे मला काड्यांच्या चौरसांनी सर्वांत चांगले शिकवले. एका ओळीत एकमेकांना चिकटलेले चौरस मांडले, तर एका चौरसाला ४, दोघांना ७ आणि तिघांना १० काड्या लागतात. चौरसांची संख्या न मानू. पहिल्या चौरसाच्या ४ काड्या धरून पुढच्या प्रत्येकासाठी ३ वाढवणारा ४ + ३(न − १) असे लिहील. वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १ काड्या वेगवेगळ्या मोजणारा २न + (न + १) असे लिहील. संख्या आणि अक्षरे यांच्या अशा मांडणीलाही राशीच म्हणतात; या दोन्ही राशी सोप्या केल्या की ३न + १ हीच राशी मिळते. तरी मूळ रूपे पुसून टाकू नयेत असे मला वाटते, कारण मोजणाऱ्याने आकृती कशी पाहिली, हे त्यांतच नोंदलेले असते.

शब्दांवरून राशी लिहिताना वजाबाकी आणि कंस यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 'न मधून ५ वजा करा' म्हणजे न − ५, तर '५ मधून न वजा करा' म्हणजे ५ − न. शब्द तेच असले तरी 'मधून' कोणाला जोडले आहे, यावर सारे ठरते. 'न च्या दुपटीत ३ मिळवा' म्हणजे २न + ३. 'न मध्ये ३ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट' म्हणजे २(न + ३). शंका आली की न च्या जागी ४ घालून पाहावे: २न + ३ ची किंमत ११ येते, २(न + ३) ची १४.

३न + १ या राशीत न १ असो वा १००, राशी तीच राहते, बदलते ती तिची किंमत. काड्या ४० आहेत असे सांगितले की ३न + १ = ४० हे समीकरण तयार होते आणि न ची किंमत १३ ठरते. काड्या ५० असतील, तर मात्र न ला पूर्णांक किंमत मिळत नाही. १६ चौरस पूर्ण होतात आणि एक काडी हातात उरते.