तुम्ही विचारलंत म्हणून: ही भिंतीवरची रेघ कसली?

चहाचा कप हातात आला की आमच्याकडचा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. कुणाला ती नदी वाटते, कुणाला भिंतीचा तडा. एका डॉक्टर मित्राला तर ईसीजी वाटला. एका कॅटलॉगमधलं पान कापून मी फ्रेम करून घेतलंय. मूळ काम चित्रकार झरीना हाश्मी यांचं, २००१ सालचं ‘डिव्हायडिंग लाइन’, लाकडावर कोरून छापलेलं. गावांची नावं नाहीत, देशांची नाहीत. वरून खाली वेडीवाकडी उतरत गेलेली एक काळी रेघ, भारत-पाकिस्तान सीमेची.

झरीना अलीगढच्या, जन्म १९३७चा, शिक्षण गणिताचं. घरचे १९५९मध्ये कराचीला गेले. त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो करत न्यूयॉर्कला राहिल्या. फाळणीच्या वेळी ब्रिटिश वकील रॅडक्लिफसाहेबांनी पाच आठवड्यांत ही सीमा आखून दिली, हे पाहुण्यांना बहुधा माहीत असतं.

मला सांगायचं असतं ते लाकडाचं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोरांकडून लिनोकट (लाकडाऐवजी मऊ लिनोलियमवर कोरून काढलेले छाप) करून घेतले. पहिला घोटाळा ठरलेला: पोरं हौसेनं स्वतःचं नाव कोरतात आणि छापल्यावर ते पांढरं उमटतं (उलटंही, पण ते असो). शाई बसते न कोरलेल्या भागावर. काळी रेघ हवी असेल तर रेघेला हात लावायचा नाही, आजूबाजूचं सगळं खरवडून काढायचं. झरीनांनी तेच केलंय. जवळ जाऊन बघा, रेघेच्या आसपास कोरणीचे बारीक ओरखडे दिसतील.

माझी आत्या निपाणीची. कोल्हापूरहून एसटीनं तासाभराचं अंतर. १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, आणि ‘सीमाभाग’ हा शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकला असेन. फाळणीशी त्याची बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण वातावरण तापलं की एसटी सीमेअलीकडूनच परत फिरते. अशाच एका वेळी आत्या आमच्याकडे आठ दिवस अडकली.

“ही आपली सीमा व्हय रं?” तिनं फ्रेमकडं बघत विचारलं.

नाही म्हटलं. कपाटातला एक लिनोचा ठोकळा तिच्या हातात दिला, कसं कोरतात ते सांगितलं. ती खोलगट भागावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

“आन् ह्यातलं कोरून काढल्यालं कुठं गेलं?”

तो चुरा मी केव्हाच केरात टाकला होता.